पोरसच्या बाजूची खुर्ची

इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमकाठी अलेक्झांडर आणि पोरस यांच्यात झालेली लढाई दोन खेळाडूंना टेबलावर पुन्हा लढता यावी, असा पट मी तयार करतो आहे. नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासे आणि नियमांची एक वही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील फिलिप सेबिन यांनी ‘लॉस्ट बॅटल्स’ (२००७) या ग्रंथात अशा पटाला प्राचीन लढायांच्या अभ्यासाचे साधन केले. त्यामागची शिस्त मला मोलाची वाटते. कथन करणारा ‘प्रचंड सैन्य’ असे लिहून पुढे सरकतो. पट मांडणाऱ्याला किती सोंगट्या आणि कोणत्या घरात, हे सांगावेच लागते.

आणि तिथेच साधने डगमगू लागतात. पोरसचे हत्ती एरियन २०० सांगतो, डिओडोरस १३०, कर्टियस ८५. एरियन असेही सांगतो की दोन हत्तींमध्ये निदान शंभर फुटांचे अंतर होते. आता नकाशावर पट्टी ठेवून पाहा. काही हत्ती छावणीवर मागे राहिले हे धरले, तरी २०० हत्तींची रांग सहा किलोमीटरच्या आसपास जाते. समोर अलेक्झांडरबरोबर नदी उतरलेले पायदळ, त्याच एरियनच्या हिशेबाने, सहा हजारांहूनही कमी. आठ-आठच्या खोलीने उभे केले तर त्याची आघाडी जेमतेम पाऊण किलोमीटर भरते. एका लेखकाचे हे तीन आकडे एका मैदानात बसत नाहीत. मी ८५ घेतले. यावर एका मित्राने ‘आपल्या राजाचे हत्ती कमी का करता?’ असे विचारले. पण पराभूताचे सैन्य फुगवण्यात फायदा जेत्याचा असतो, आणि हे सारे आकडे जेत्याच्या बाजूनेच आलेले आहेत. पोरसच्या दरबारातली एक ओळही आपल्या हाती नाही.

मात्र या लढाईचे जे पट मी पाहिले, त्यांच्याशी माझा खरा वाद आकड्यांचा नाही. दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या करून ते सुरू होतात. हत्ती, रथ, घोडदळ, पायदळ अशी पोरसची सेना चतुरंग होती, आणि आपले बुद्धिबळ त्याच चतुरंगातून आले, त्यामुळे अशी मांडणी डोळ्यांना भावते. पण बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो. झेलमकाठी पोरसला तो दिसत नव्हता, आणि लढाईचा निकाल बराचसा त्यावरच लागला.

कित्येक रात्री अलेक्झांडरने काठावर घोडदळ धावडवून आरडाओरडा केला. पोरस आधी हत्ती घेऊन आवाजामागे जाई. पुढे त्याने ते सोडले. मग एका वादळी रात्री छावणीपासून १५० स्टेडिया, म्हणजे सत्तावीस-एक किलोमीटर वर, अलेक्झांडर पार झाला. छावणीत राहिलेल्या क्रेटरसला हुकूम होता की पोरस हत्ती घेऊन हलला तरच नदी ओलांडायची. हत्ती काठावर असतील तर घोडे पाण्याबाहेर येणार नाहीत.

आता पोरसच्या खुर्चीत बसून पाहा. वरून बातमी येते, कोणीतरी उतरले आहे. समोर क्रेटरसच्या हालचाली दिसताहेत. खरा हल्ला कुठला? अशा वेळी मुलाबरोबर २,००० स्वार आणि १२० रथ पुढे पाठवणे (टॉलेमीचा हा आकडा एरियनने ग्राह्य धरला) मला तरी मूर्खपणाचे वाटत नाही. रथ चिखलात रुतले, मुलगा पडला, हे आपल्याला नंतर कळते. फौजा समोरासमोर ठेवून सुरू होणारा पट पोरसची ही कोंडी कापून टाकतो आणि त्याला हत्तींवर विसंबलेला, हळू हलणारा सेनापती करून ठेवतो.

म्हणून माझा पट आदल्या रात्री सुरू होतो. मॅसिडोनियन खेळाडू उताराची जागा चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवतो. पोरसच्या खेळाडूला फक्त शेकोट्या दिसतात आणि हेरांच्या बातम्या मिळतात, त्यांतल्या काही खोट्या.

दिवसाच्या लढाईला मी कमी नियम दिले. ओल्या जमिनीवर भारतीय धनुर्धरांचा मारा निम्मा, कारण त्यांचे लांब धनुष्य जमिनीवर टेकवून ओढावे लागे आणि निसरड्यावर ते टिकेना, असे कर्टियस सांगतो. कोइनसच्या घोडदळाला एरियन ‘उजवीकडे’ पाठवतो. ती उजवी कोणाची, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. मी ती पोरसची उजवी धरली. तसे केले तरच कोइनस वळसा घालून पिछाडीवर येतो आणि भारतीय घोडदळाला दोन्हीकडे तोंड का करावे लागले, हे समजते.

उरला जय-पराजय. पोरस खांद्याला जखम होऊनही हत्तीवर टिकून होता, आणि त्याला राज्य परत मिळाले, वर आणखी मुलूख मिळाला. सोंगट्या मोजून हा निकाल लागणार नाही. माझ्या वहीत पोरसचे गुण दर पाळीला, तो मैदानात असेपर्यंत वाढत जातात. क्रेटरसची ताज्या दमाची तुकडी पार होऊन पाठलागाला लागली, की खेळ थांबतो.