लाकडाचे छायाचित्र आणि वाढईचे नाव

समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नावात समुद्र असला तरी समुद्र येथून शेकडो कोस दूर आहे. याच तालुक्यातील जाम येथे चंद्रपूर-वरोऱ्याकडून येणारा रस्ता नागपूर-हैदराबाद महामार्गाला मिळतो, आणि सागवानाचे ओंडके भरलेल्या मालमोटारी अधूनमधून दृष्टीस पडतात. या परिसरातील कवेलूची जुनी घरे आता एकेक करून पाडली जात आहेत. पाडण्यापूर्वी घरची मंडळी आठवणीसाठी छायाचित्र घेतात. अशी काही छायाचित्रे आमच्या पाहण्यात आली. त्यांत दर्शनी दार आहे, ओसरीवर बसलेली आजी आहे. परंतु खांबावर म्याल जेथे टेकते तो सांधा त्यांपैकी एकाही चित्रात नाही. ज्यावर घर उभे होते, तेच नेमके चित्राबाहेर राहिले.

हा दोष केवळ हौशी मंडळींचा असता तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. आपल्या लेण्यांच्या छायाचित्रणातही गेली दीडशे वर्षे थोड्याफार फरकाने हेच घडत आले आहे. लाकूड दिसते, परंतु ते लाकूड म्हणून ओळखू येत नाही. आणि ओळखू आले तरी ते कोठून आले व कोणाच्या हातून गेले, हे चित्र सांगत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी लागणारी कसोटी पालि वाङ्मयातच उपलब्ध आहे. अलीनचित्त जातकाच्या आरंभी वाराणसीजवळील सुतारांच्या गावाचे वर्णन येते. हे सुतार नावेने नदीच्या वरच्या अंगाला जातात, अरण्यात लाकूड तोडतात, तेथेच एकमजली व दुमजली घरांचे भाग घडवितात, खांबापासून प्रत्येक भागावर खूण करतात आणि सर्व सामान नावेत घालून प्रवाहाबरोबर नगरात आणतात. अरण्य, प्रवास आणि घर या तिन्ही अवस्था येथे एका सूत्रात गुंफलेल्या आहेत. ते सूत्र म्हणजे लाकडावरील खूण.

विनयपिटकातील दुसऱ्या पाराजिकाची कथाही लाकडाचीच आहे. कुंभारपुत्र धनिय हा भिक्षू राजगृहाच्या दारुगृहातील लाकूड राजाने आपणास दिले आहे असे सांगून मिळवितो, त्याचे तुकडे करवून गाड्यांतून नेतो आणि कुटी बांधतो. ते लाकूड नगराच्या डागडुजीसाठी, आपत्काळासाठी राखून ठेवलेले होते. तयार झालेल्या कुटीचे सुंदर चित्र कोणी काढले असते, तर त्यात यातील काहीही दिसले नसते. अदत्तादानाचा संपूर्ण नियम ज्या घटनेतून निर्माण झाला, ती घटना लाकडाच्या वाटेवर घडली. कुटीच्या दर्शनी भागावर तिचा मागमूसही नव्हता.

ही कसोटी कार्ल्याच्या चैत्यगृहास लावून पाहू. सुमारे ३८ मीटर लांबीच्या या चैत्यगृहाच्या छतास सागवानी कमानींच्या फासळ्या बसविलेल्या आहेत. स्तूपावरील छत्रही लाकडाचे आहे. इतके प्राचीन लाकूड जागच्या जागी टिकून राहिल्याची उदाहरणे भारतात विरळ आहेत. गंमत अशी की, या फासळ्या कसलाही भार पेलत नाहीत. छत डोंगराचेच आहे. त्यास आधाराची गरज नाही. लाकडी सभागृहे बांधणाऱ्या परंपरेची स्मृती म्हणून त्या तेथे आहेत. असे असूनही कार्ल्याची प्रचलित छायाचित्रे पाहावीत, तर सर्व प्रकाश स्तंभशीर्षांवर आणि स्तूपावर. छत अंधारात बुडालेले. लेणे पश्चिमाभिमुख आहे. उतरत्या दुपारी मोठ्या गवाक्षातून येणारे ऊन आत शिरते व स्तूपाकडे झेपावते. छायाचित्रकार त्या उजेडामागे जातो, आणि वरचे लाकूड केवळ काळ्या रेषा होऊन उरते.

कृष्णधवल मुद्रणात तर याहून मोठा घोटाळा होतो. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील फासळ्या खडकातूनच कोरलेल्या आहेत. कार्ल्याच्या सागवानी फासळ्या आणि या पाषाणी फासळ्या छापील पानावर शेजारीशेजारी ठेवल्या, तर सामान्य वाचकास त्या एकाच जातीच्या वाटतात. वस्तुतः त्यांच्यामध्ये काही शतकांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात लाकडाकडून दगडाकडे झालेला सगळा प्रवास सामावलेला आहे. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात तर मधल्या दालनाच्या लाकडी फासळ्या नाहीशा होऊन त्यांच्या खाचा तेवढ्या उरल्या आहेत. या रिकाम्या खाचांचे स्वतंत्र चित्र सर्वसाधारण पुस्तकांत शोधूनही सापडणे कठीण.

आरंभीच्या अभ्यासकांवर मात्र अन्याय होता कामा नये. मेजर रॉबर्ट गिल यांच्या ७४ छायाचित्रांसह जेम्स फर्ग्युसन यांचा लेण्यांवरील ग्रंथ १८६४ साली निघाला. त्या काळची काच व रसायने पाहता गुहेच्या अंधारात जे साधले तेच पुष्कळ म्हणावे लागेल. शिवाय चित्रास जे दाखविता आले नाही ते शब्दांनी सांगण्याची जबाबदारी फर्ग्युसन यांनी टाळली नाही. शैलगृहांच्या रचनेमागे लाकडी बांधकामाचा आदर्श आहे, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. नंतरच्या पिढ्यांकडे उत्तम यंत्रे आली. परंतु चित्राखालची ओळ आखूड होत गेली. ‘चैत्यगृह, कार्ले’ एवढ्यावर आपण समाधान मानू लागलो.

वर पाहण्याचे फळ काय असते, याचे उदाहरण भाज्याचे आहे. तेथील चैत्यगृहाच्या लाकडावर ब्राह्मी अक्षरांतील छोटे लेख आढळले, आणि म. न. देशपांडे यांनी ते १९५९ साली प्रसिद्ध केले. तोपर्यंत कित्येक पिढ्या त्या लाकडाखालून गेल्या होत्या.

यावर कोणी म्हणेल, छायाचित्र ही कला आहे; तिला वखारीची नोंदवही का करता? हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी अमान्य नाही. नदीकाठी पडलेल्या ओंडक्याच्या रेषा, उन्हात तापलेल्या खांबाचा पोत, यांत सौंदर्य आहेच. परंतु संयुत्तनिकायातील दारुक्खन्धोपम सुत्त आठवावे. गंगेतून वाहणारा मोठा ओंडका पाहून तथागत भिक्षूंना सांगतात की, हा ओंडका अलीकडच्या वा पलीकडच्या तीरास लागला नाही, मध्येच बुडाला नाही, भोवऱ्यात सापडला नाही, आतून कुजला नाही, तर तो समुद्राकडेच जाईल. तथागतांची दृष्टीही ओंडक्यावरच होती. पण ती त्याच्या पृष्ठभागावर अडकून राहिली नाही. तो कोठे चालला आहे आणि वाटेत काय होऊ शकते, हे तिने पाहिले. पोतावर थांबलेले छायाचित्र म्हणजे तीरास लागलेला ओंडका होय.

कार्ल्याच्याच दाराजवळ एक छोटा लेख आहे. धेनुकाकट येथील सामि नावाच्या, वेणुवासाचा पुत्र असलेल्या कारागिराने हे दार केले, अशी त्यात नोंद आहे. त्याच्या धंद्याचे नाव ‘वढकि’, म्हणजेच पालीतील ‘वड्ढकी’. आणि आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे सुतारास आजही वाढईच म्हणतात. दगडातील दार सुताराच्या हातचे असावे आणि त्याचे नाव त्या दारापाशी सुमारे दोन हजार वर्षे टिकावे, ही गोष्ट लहान नाही. धनाढ्य श्रेष्ठींच्या आणि यवन दात्यांच्या नावांबरोबर त्याचे नाव तेथे कोरले गेले. आपल्या चित्रसंग्रहांत मात्र त्या लेखास जागा क्वचितच मिळते.

म्हणून समुद्रपूर परिसरातील आमच्या तरुण वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. घर पाडण्यापूर्वी दाराचे व आजीचे चित्र अवश्य घ्यावे. त्यानंतर मान वर करावी. आढे, म्याल, खांब यांचे सांधे टिपावेत. बाजूला मापाची पट्टी धरावी. जुळणीसाठी लाकडावर कोरलेली खूण असल्यास ती जवळून घ्यावी. लाकूड कोणत्या जंगलातून व कोणत्या बंडीतून आले, हे त्याच आजीस विचारावे, आणि ज्या वाढईने घर उभे केले त्याचे नाव चित्राखाली लिहावे. एकदा लाकूड वखारीत विकले गेले की ते विचारण्यास कोणी उरत नाही.