लो-कृत 'हिंदी आरमाराचा इतिहास' आणि मोजणीचीं गलबतें

(सांताक्रूझ, मुंबई उपनगर)

चार्लस रॅथबोन लो ह्याचा हिंदी आरमाराचा द्विखंडात्मक इतिहास १८७७ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाला. १६१३ पासून १८६३ पर्यंतचा, म्हणजे तें आरमार मोडलें जाईपर्यंतचा, वृत्तांत त्यांत आहे. ग्रंथकार स्वतः त्या नोकरींतला. त्यामुळें माहिती भरपूर आणि अभिमानही भरपूर. किनारामोजणीच्या गलबतांविषयीं शोध करणारास आजही ह्या ग्रंथावांचून चालत नाहीं. म्हणूनच त्यांतील दोष दाखविणें अवश्य वाटतें.

लोनें मोजणीचीं प्रकरणें वेगळीं काढलीं आणि लढायांचीं वेगळीं. वाचकाची सोय झाली खरी, पण कार्यकारणाचा धागा तुटला. 'पॅलिन्यूरस' हें गलबत घ्या. १८२९ ते १८३४ ह्या अवधींत मोर्स्बीनें त्यावरून तांबड्या समुद्राचा उत्तरभाग मोजला व एल्वननें 'बनारस'वरून दक्षिणभाग. त्याच काळांत, २० मार्च १८३० रोजीं, 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. आगबोटीस कोळसा हवा आणि कोळशास बंदर हवें. पुढें 'पॅलिन्यूरस'वरूनच कॅप्टन हेन्सनें अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजला; १९ जानेवारी १८३९ रोजीं इंग्रजांनीं एडन घेतलें, आणि तेथला पहिला पोलिटिकल एजंट कोण, तर हाच हेन्स! (पुढें सरकारी हिशेबांतील तुटीपायीं तो मुंबईच्या तुरुंगांत पडला व १८६० सालीं सुटतांच वारला.) तेव्हां ही मोजणी निव्वळ शास्त्रसेवा नव्हती. तथापि तिची शास्त्रीय योग्यता नाकारतां येत नाहीं. मोर्स्बीनें मालदीव बेटांच्या केलेल्या नकाशांचा आधार डार्विननें १८४२ च्या आपल्या प्रवाळविषयक ग्रंथांत घेतला आहे.

दुसरी उणीव आम्हांस अधिक बोंचते. इंग्रज अधिकाऱ्यांचीं नांवें, बढत्या, आजार सर्व कांहीं येथें सांपडतें. तांडेल व खलाशी मात्र बहुधा नांवावांचूनच वावरतात. मॅक्लूअरनें अठराव्या शतकाच्या अखेरीस हा पश्चिम किनारा मोजला व डॅलरिंपलनें ते नकाशे छापले. परंतु जुहू-वेसाव्याच्या पाण्यांत खडक कोठें आणि खोली किती वाव, हें तेथील कोळ्यांस त्या नकाशापूर्वीं ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? ह्या ज्ञानाचा कांहीं लेखी मागमूस असलाच, तर तो लंडनांतील दप्तरापेक्षां कोंकणांतील घरांत मिळण्याचा संभव अधिक. संग्राहकांनीं नाखवा-तांडेल घराण्यांचे रुमाल सोडतांना, बंदरांचीं नांवें व वावांचे आंकडे लिहिलेला मोडी कागद क्षुल्लक हिशेब समजून बाजूस टाकूं नये.