वाट दाखवावी कुठवर?

‘क्रोनो ट्रिगर’ हा जपानी रोल-प्लेइंग गेम १९९५ सालचा. त्याच्या सुरुवातीला एक जत्रा आहे. नायक जत्रेत हिंडताना एका मुलीवर आदळतो आणि तिच्या गळ्यातलं लॉकेट खाली पडतं. आधी तिची विचारपूस करायची की आधी लॉकेट उचलायचं, असा प्रश्न पडद्यावर येत नाही. जवळच एका म्हाताऱ्याचं जेवण ठेवलेलं असतं. ते खाऊन टाकलं तर कुणी हटकत नाही. एका पोरीचं मांजर हरवलेलं असतं. ते शोधून दिलं नाही तरी गोष्ट पुढे जाते. मग बऱ्याच वेळाने नायकावर राजकन्येला पळवल्याचा खटला भरला जातो आणि जत्रेतलीच माणसं साक्षीला उभी राहतात. ज्याचं जेवण खाल्लं तो म्हातारा येतो. मांजर मिळालेली पोर येते. आधी कुणाकडे धावलात, मुलीकडे की लॉकेटकडे, याचीही विचारणा होते. गंमत म्हणजे निकाल कसाही लागला तरी नायक तुरुंगात जातोच. कथा फारशी बदलत नाही, खेळणारा मात्र बदलतो. पुढच्या प्रत्येक गावात तो जपून वागायला लागतो.

लपवलेल्या निवडीची कला इतक्या नेमकेपणाने फार थोड्या खेळांना साधली आहे. निवड लपवणं सोपं असतं. लपवूनही तिची खूण जगात ठेवणं अवघड. माझी कसोटी साधी आहे: उलगडा झाल्यावर ‘अरे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं’ असं वाटलं तर ती कला. ‘हे कुणाला कसं कळणार?’ असं वाटलं तर ती फसवणूक.

फसवणुकीचं ठळक उदाहरण ‘फायनल फँटसी १२’ या २००६ च्या गेममधलं. त्यातला सर्वांत ताकदवान भाला हवा असेल, तर वाटेतल्या चार ठरावीक पेट्या उघडायच्या नाहीत. या पेट्या इतर शेकडो पेट्यांसारख्याच दिसतात आणि कुणी सूचनाही देत नाही. दिसेल ती पेटी उघडायची, हे गेमनेच शिकवलेलं असतं, आणि त्या सवयीचीच पुढे शिक्षा होते. हे कळायचा मार्ग एकच: गाईड, म्हणजे गेममध्ये कुठे काय करायचं ते सांगणारं लेखन. पुढच्या आवृत्तीत निर्मात्यांनी ती अट काढून टाकली, ते योग्यच केलं.

गाईड आणि खेळ यांचं नातं तसं जुनं आहे. १९८४ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये ‘टॉवर ऑफ द्रुआगा’ आला. साठ मजल्यांचा मनोरा, जवळजवळ प्रत्येक मजल्यावर लपवलेला खजिना आणि तो कसा उघडायचा याबद्दल गेम गप्प. खेळणारे एकमेकांना विचारत, वह्यांमध्ये नोंदी करत. तिथे गाईड सगळ्यांनी मिळून लिहिलं, कोडं सोडवतानाच लिहिलं. नंतर अमेरिकेत प्रायमा आणि ब्रेडीगेम्स या प्रकाशकांची जाड, रंगीत पुस्तकं आली. त्यातली चांगली पुस्तकं नकाशांसाठी जपून ठेवावीत अशी होती. वाईट पुस्तकं म्हणजे निव्वळ जाहिराती. ‘फायनल फँटसी ९’च्या अधिकृत गाईडने तर कळस केला. पैसे मोजून पुस्तक घ्यायचं आणि पानापानावर ‘बाकीची माहिती आमच्या संकेतस्थळावर पाहा’ असं वाचायचं. दुसरीकडे १९९५ पासून गेमफॅक्स या संकेतस्थळावर हौशी लोक साध्या टाइप केलेल्या मजकुरात लांबलचक गाईड फुकट लिहीत होते. आपण काय पाहिलं, कुठे अडकलो, कुठे शंका आहे हे ते मोकळेपणाने सांगत. छापील गाईडांचा धंदा २०१९ पर्यंत बराचसा आटोपला. प्रायमानेही पुस्तकं काढणं थांबवलं.

आज काय स्थिती आहे? ‘द विचर ३’ (२०१५) बघा. नायक गेराल्ट आणि त्याची मानसकन्या सिरी यांच्या नात्यावर या गेमचा शेवट ठरतो. तो ठरतो पाच प्रसंगांवर, आणि त्यातला एकही निर्णायक असल्यासारखा दिसत नाही. सिरी खचलेली असताना गेराल्ट तिला ‘सगळंच जमायला हवं असं नाही’ म्हणत दारू पाजू शकतो किंवा तिच्यावर बर्फाचा गोळा फेकून तिला हसवू शकतो. पुढे तिला जादूगारिणींच्या बैठकीत एकटीला जाऊ द्यायचं की आपण सोबत घुसायचं? तिला मदत केलेल्या मुलाच्या थडग्यापाशी थांबायचं की घाई करायची? या सगळ्यांतून एकच सूत्र जातं. तिच्यावर विश्वास ठेवा, तिच्या वतीने ठरवू नका. म्हणजे खूण आहे आणि ती प्रामाणिक आहे. पण आजचं बहुतेक गाईड काय लिहितं? पाचपैकी तीन बरोबर हवेत, अमुक ठिकाणी अमुक पर्याय दाबा. बापलेकीच्या नात्याचा असा हिशेब मांडला की खेळणाऱ्याला चांगला शेवट मिळतो, पण त्या शेवटाचं कारण हातून निसटतं. सध्याच्या गाईडलेखनावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. गेम चांगला असतो तेव्हाच त्याचं सर्वांत जास्त नुकसान होतं.

निर्मातेही गोंधळलेले आहेत. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) माणसं न सांगता जागा बदलतात, त्यांच्या कथा अर्ध्यावर हरवतात; म्हणून महिन्याभरातच नकाशावर त्यांच्या खुणा दाखवणारी सुधारणा द्यावी लागली. ‘बाल्डर्स गेट ३’च्या (२०२३) निर्मात्यांनी शेवटाचे सतरा हजार प्रकार असल्याचं सांगितलं. आकडा मोठा आहे, पण शाखा किती फुटल्या यावर कला मोजता येत नाही. क्रोनो ट्रिगरच्या खटल्याला मोजक्या साक्षी पुरल्या होत्या.

आता आमच्याकडचं. महाड-पोलादपूरकडे हे गेम खेळणारी मुलं आहेत. कुणाकडे कॉम्प्युटर आहे, बहुतेकांकडे फोन. यूट्यूबवर हिंदीतला वॉकथ्रू, म्हणजे गेम खेळून दाखवणारा व्हिडिओ, लावायचा, थांबवायचा, तसंच करायचं, पुन्हा लावायचा. यावर नाक मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘डिस्को एलिझियम’ या २०१९ च्या गेममध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत, आणि त्याची सगळी मजा कोण कोणत्या सुरात बोलतो यात आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंग्रजी वाक्याचा अर्थ लागतो, पण त्यातला टोमणा, आर्जव किंवा धमकी लागेलच असं नाही. आणि निवड तर नेमकी तिथेच लपवलेली असते. म्हणजे त्याच्यासाठी ती दोनदा लपते: एकदा निर्मात्याने लपवली म्हणून, एकदा भाषेमुळे. अशा मुलाने गाईड उघडलं तर तो चोरवाट शोधत नसतो. इतरांना जे समोर वाचता येतं, तेवढंच त्याला हवं असतं. आणि गाईड त्याला देतं काय, तर ‘दोन नंबरचं बटण दाबा’.

वाट दाखवणारं चांगलं लेखन मराठीला नवं नाही. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ घेऊन कित्येकांनी सह्याद्रीतले घाट पालथे घातले. पोलादपूरच्या आतल्या अंगाला ढवळे गाव आहे. चंद्रगडाच्या पायथ्याचं. तिथून रानातून चढत वाट महाबळेश्वरच्या मढीमहालाला, म्हणजे आर्थर सीटला जाते. बहिरीची घुमटी, जोरचं पाणी, गाढवाचा माळ ही या वाटेवरची ठिकाणं. या वाटेबद्दल नीट लिहिणारा माणूस प्रत्येक पाऊल सांगत बसत नाही. पाणी कुठे, ढोरवाटा कुठे फसवतात, अंधार पडण्याआधी कुठवर पोचायला हवं आणि ढवळ्यातून वाटाड्या घेणं का शहाणपणाचं, एवढं तो सांगतो. चढायचं, बघायचं ते तुमच्याकडेच राहतं. रोल-प्लेइंग गेमचं गाईड असंच लिहायला हवं. कोणती गोष्ट एकदा हुकली की परत मिळत नाही, हे आधी सांगावं. संवादाचा सूर मराठीत उलगडावा. कुणाचा स्वभाव काय, तो कशाने दुखावतो, हे लिहावं. पर्याय कोणता निवडायचा ते लिहू नये.

खेळनिर्मितीकडे पाहिलं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाला शोधणारी मुलगी, असुर, देवदेवता, नजर खिळवणारी भित्तिचित्रं. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण राजीची वाट एकेरी आहे. तिच्या जागी आपण काही ठरवत नाही. चित्र आपलं झालं, निवड अजून आपली झालेली नाही.

त्यासाठी लागणारं कथाबीज आमच्याच खोऱ्यात पडलेलं आहे. मुरारबाजी देशपांडे महाडजवळच्या किंजळोलीचे. १६५६ मध्ये शिवाजीराजांनी जावळी घेतली तेव्हा ते तिथल्या चंद्रराव मोऱ्यांच्या बाजूने लढले असं सांगतात. राजांनी त्यांना आपल्यात घेतलं. नऊ वर्षांनी मोगल सरदार दिलेरखानाने पुरंदराला वेढा घातला, तेव्हा किल्ला मुरारबाजींकडे होता. त्यांचा पराक्रम पाहून खानाने त्यांना आपल्याकडे बोलावलं, त्यांनी ते धुडकावलं आणि लढता लढता पडले. एकदा बाजू बदललेल्या माणसाने दुसऱ्यांदा का बदलली नाही? हा प्रश्न पोवाड्याच्या आवेशात वाहून जातो. रोल-प्लेइंग गेममध्ये तो खेळणाऱ्याच्या हाती देता येईल. राजांच्या बाजूने खेळताना जावळीत हरलेल्या शत्रूशी तुम्ही कसं बोललात, त्याच्या माणसांचं काय केलंत, याचा हिशेब पुरंदरावर लागेल. आणि पडद्यावर काहीच लिहून येणार नाही.

तोवर गाईड लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. क्रोनो ट्रिगर आता फोनवर मिळतो, त्यातले संवाद आटोपशीर आहेत. सुरुवात त्या जत्रेपासून करावी: तिथे कोण कोण भेटतं, कुणाचं काय हरवलं आहे, कुणाच्या बोलण्यात कुठला सूर आहे, एवढंच मराठीत लिहावं. खटल्याबद्दल मात्र एक अक्षरही लिहू नये.