भट्टीतली काच कोण शिकवणार?

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी देशभरातून माणसं येतात. पण याच गावातल्या एखाद्या मुलीला काच वितळवून कलाकृती करायची असेल, तर तिला पुणे-मुंबई गाठावी लागते. तिथे फ्यूज्ड ग्लासच्या एक-दोन दिवसांच्या कार्यशाळा होतात. परदेशी रंगीत काचेचे तुकडे मांडायचे, डिंकाने चिकटवायचे आणि घरी जायचं. भट्टी शिकवणारेच लावतात, ट्रे किंवा गणपती नंतर हातात येतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. या कलेचा गाभा भट्टीत आहे आणि शिकणाऱ्याला भट्टीच दिसत नाही.

काचा साधारण ८०० अंश सेल्सिअसला एकमेकींत मिसळतात. ते अवघड नाही. अवघड आहे ते थंड करणं. पृष्ठभाग आधी निवला आणि पोट गरम राहिलं, की काचेत ताण अडकतो. मग वस्तू भट्टीतच तडकते किंवा महिन्यांनी, फडताळात ठेवल्या जागी. म्हणून ठरावीक तापमानाला थांबून, मग अंश-अंशाने उतरावं लागतं. कारागीर याला अनीलिंग म्हणतात. जाडी वाढली की हा वेळ कित्येक पटींनी वाढतो. शिवाय दोन काचांचं प्रसरण जुळलं नाही, तर कितीही संथ निववा, त्या एकमेकींना फोडतातच. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये १९७४ साली सुरू झालेल्या बुल्सआय कंपनीने एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचा तयार केल्या, तेव्हा चित्रकारासारखं रंगांनी काम करणं शक्य झालं. आपल्याकडे त्या काचा आल्या, त्यांच्यामागचं शास्त्र मात्र फारसं आलं नाही.

हे महाराष्ट्रात घडावं याचं वाईट वाटतं. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. तो कारखाना शाळाही होता. वाळू, सोडा, चुना आणि आग यांच्याशी तरुणांची थेट गाठ घालून देणारी. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील घराघरांत पोचला. उद्योग म्हणून काच आपण शिकलो, कला म्हणून तिला तशी शाळा मिळाली नाही.

आजचं चित्र अगदीच रिकामं नाही. दिल्लीच्या हेमी बावा यांनी भट्टीत ओतीव काचेला शिल्पाचं वजन दिलं, त्यांना २००९ साली पद्मश्री मिळाली. मुंबईत स्वाती चांदगडकर यांनी राजाबाई टॉवरच्या रंगीत काचांचं जतन केलं. ते काम स्टेन्ड ग्लासचं, शिशाच्या पट्ट्यांत काच बसवण्याचं. पण जुन्या काचेपुढे नम्र राहून काम कसं करावं, हे तिथे शिकण्यासारखं आहे. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मातीकाम आणि काच एकत्र शिकवतात. याउलट प्रदर्शनांत दिसणारं बहुतेक फ्यूज्ड काम मला गोड वाटतं, एवढंच. निळ्या-हिरव्या पट्ट्या, मोर, बुडबुडे. काचेला स्वतःचं काही म्हणायचं आहे, असं त्यात क्वचित जाणवतं.

शिरपूरच्या त्या मुलीने आयात काचेची वाट पाहू नये असं मला वाटतं. खिडक्या बसवणाऱ्याच्या दुकानात साध्या काचेच्या कातरणी पडलेल्या असतात. एकाच तावातले तुकडे एकमेकांशी जुळतात. कडक केलेली टफन्ड काच तेवढी टाळायची, ती कापताच चुरा होते. दोन थरांमध्ये तांब्याचा पातळ पत्रा ठेवला तर आगीत तो लाल-हिरवट छटा सोडतो. सोयाबीनचं किंवा तुरीचं वाळलं पान ठेवलं तर जळून त्याच्या शिरांची राख काचेत कायमची उमटते, फक्त हवा बाहेर पडायला वाट हवी. तीन-तीन मिलिमीटरचे दोन थर घेतले तर उत्तम. वितळलेली काच आपणहून सुमारे सहा मिलिमीटर जाडी धरते. त्याहून पातळ काच आक्रसते, जाड काच पसरते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मांडणीचा विचारच बदलतो.

लहान विजेची भट्टी घरगुती जोडणीवर चालते, पण निवण्याच्या तासांत वीज गेली तर काम वाया जाऊ शकतं. म्हणून ही सोय एकेका घरावर सोडू नये. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये तापमान नियंत्रक असलेली एक भट्टी, जनित्राची जोड आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती तापमानाची नोंदवही, एवढ्यावर वाशीममध्ये पहिली तुकडी सुरू करता येईल.