गर्ट्रूडला माहीत होतं का?

हॅम्लेटच्या आईला आपल्या नवऱ्याचा खून झालाय हे माहीत होतं का? वर्गात हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच तिच्या मनाच्या तळाशी जाते. त्याआधी एक साधी चौकशी करायला हवी : आपण कुठल्या पुस्तकातल्या गर्ट्रूडबद्दल बोलतोय?

1603च्या पहिल्या क्वार्टोत ती शपथेवर सांगते, की खुनाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. मुलाला सूडात साथ द्यायचंही कबूल करते. पुढे होरेशिओबरोबर तिचा एक प्रवेश आहे, तो फक्त इथेच सापडतो. 1604-05चा दुसरा क्वार्टो जवळपास दुप्पट लांब. त्यात आणि 1623च्या फर्स्ट फोलिओत मात्र ती फक्त गप्प राहायचं वचन देते. पहिल्या क्वार्टोच्या आज दोनच प्रती उरल्यात. एक 1823मध्ये उजेडात आली, तिला शेवटचं पान नाही. दुसरी 1856मध्ये, तिला मुखपृष्ठ नाही. नाटकं तेव्हा बहुतेक बांधणीशिवाय, नुसती दोऱ्याने शिवून विकली जात. बाहेरची पानं आधी जाणार, हे ओघानंच आलं.

असं पुस्तक वाचायला शिकवणारी एक शाळा अमेरिकेत आहे, रेअर बुक स्कूल. टेरी बेलँजर यांनी ती 1983मध्ये कोलंबिया विद्यापीठात सुरू केली. 1992पासून ती व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. कोर्स साधारण पाच दिवसांचा, वर्गात जेमतेम डझनभर माणसं. ग्रंथपाल, पुस्तकविक्रेते, संशोधक. कागद कसा घडी घातला, खिळे कसे जुळवले, छपाई चालू असतानाच कुठली चूक दुरुस्त झाली, हे हातात पुस्तक घेऊन बघायचं.

वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीत दुसरी तऱ्हा. 1980च्या दशकापासून तिथे शाळाशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग होत आलेत. सूत्र असं, की शेक्सपिअर बाकावर बसून शिकवायचा नाही. मुलांना उभं करा, प्रवेश त्यांच्या हाती द्या, ओळी त्यांना कापू द्या. मला ही पद्धत मनापासून आवडते. जी ओळ आपण कापली, ती का होती हे मूल जन्मात विसरत नाही.

पण माझी तक्रार इथेच सुरू होते. मुलांच्या हातात येणारी संहिता आधीच कुणीतरी कापलेली-जोडलेली असते. फोल्जरच्याच आवृत्तीत, ऑनलाइन फुकट मिळते तिच्यातही, दुसऱ्या क्वार्टोतला मजकूर कुठला आणि फोलिओतला कुठला हे दाखवणारे बारीक कंस आहेत. ते कंस वर्गात शिकवले, तर संपादकही एक दिग्दर्शकच आहे हे दहावीतल्या पोरालाही कळेल. नाही शिकवले, तर फोनवर ते नुसते नजरेआड सरकतात. आणि पहिल्या क्वार्टोतली गर्ट्रूड तर त्या कंसांतही सापडत नाही.

उलट बाजूलाही दोष आहेच. पुस्तकाच्या शाळेत पानाच्या कडा मोजणाऱ्याला त्या पानावरचं वाक्य मोठ्याने म्हणून बघायला सहसा कुणी सांगत नाही. पाच दिवसांची फी हजार डॉलरच्या पुढे. शिष्यवृत्त्या आहेत, तरी आपल्याकडच्या कॉलेजातला सीएचबीवरचा प्राध्यापक तिथे पोचणं अवघडच. क्वार्टोंचे स्कॅन त्याला फोनवर मिळतात, पण पडद्यावर हातात मावणारा क्वार्टो आणि भलाथोरला फोलिओ एकाच मापाचे दिसतात. एक पोथीसारखी जपायची वस्तू, दुसरी वाचून फेकायची, हा फरकच पुसला जातो.

तरी एक गोष्ट फुकटात जमते. आर्डेनने 2006मध्ये हॅम्लेटच्या तिन्ही संहिता वेगवेगळ्या छापल्या, त्या नसल्या तरी चालेल. पहिला क्वार्टो इंटरनेटवर आहे. आईच्या महालातला प्रवेश काढा, दोन जोड्या करा. एका जोडीने 1603चा करायचा, दुसरीने 1623चा. पहिल्या जोडीतल्या हॅम्लेटला निघताना आई आपल्या बाजूची असते. दुसऱ्या जोडीतल्याने काय समजायचं, हे त्या मुलांना तिथेच ठरवावं लागतं. आणि मग आगरकरांचं 'विकारविलसित' उघडायचं, 1883चं. गणपतराव जोशींनी गाजवलेल्या त्या चंद्रसेनाची आई काय म्हणते ते बघायचं. आगरकरांच्या पुढ्यात कुठली इंग्रजी आवृत्ती असेल, हे तेव्हा कुणीतरी विचारेलच.