'मी अकराव्या वर्षी नापास झालो' : शाळेच्या आठवणींचं करायचं काय?

पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हा विषय असतो : पन्नास-साठच्या दशकांत शाळेत गेलेल्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांच्या आठवणींतून तेव्हाचं शिक्षण समजून घ्यायचं. विषय चांगलाच आहे. तुमचाही असेल तर सिनॉप्सिस लिहायच्या आधी इंग्लंडमधलं एक जुनं पुस्तक वाचा. ब्रायन जॅक्सन आणि डेनिस मार्सडेन यांचं 'एज्युकेशन अँड द वर्किंग क्लास', 1962 सालचं. ते थोर का आहे आणि कुठे फसवतं, दोन्ही सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. महायुद्ध चालू असतानाच, 1944 मध्ये, ब्रिटनने नवा शिक्षण कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समधल्या सरकारी माध्यमिक शाळांची फी गेली. शाळा सोडायचं किमान वय 1947 मध्ये 14 वरून 15 झालं. पण सगळ्यांना एकच शाळा मिळाली असं मात्र नाही. प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन अशी परीक्षा व्हायची, तिचं नाव 'इलेव्हन-प्लस'. त्यात निवडलेली मुलं ग्रामर स्कूलला, तिथून जमलं तर युनिव्हर्सिटी. उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्नला. ग्रामर स्कूलला पोचायचं साधारण चार-पाचांतलं एक मूल. गंमत म्हणजे ही विभागणी कायद्याच्या मजकुरात नव्हतीच, ती अंमलबजावणीत आली. तुम्हाला आपली चौथीची स्कॉलरशिप आठवेल, पण ती हुकली म्हणून कोणाची शाळा बदलत नाही. इथे शाळा, मित्र आणि पुढची नोकरी, सगळंच बदलायचं.

जॅक्सन आणि मार्सडेन दोघे हडर्सफील्ड या यॉर्कशरमधल्या गिरणीगावचे. तिथल्याच ग्रामर स्कूलमधून केंब्रिजला गेलेले. पुस्तकात त्यांनी गावाचं नाव बदलून 'मार्बर्टन' केलं आणि कामगार घरांतल्या 88 मुलामुलींचा माग काढला. ही सगळी ग्रामर स्कूलच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकलेली. मोठी झालेली ती मुलं आणि त्यांचे आईवडील, दोघांनाही त्यांनी गाठलं. तुलनेसाठी दहा मध्यमवर्गीय घरंही घेतली.

पुस्तकाचं बळ बारीकसारीक तपशिलात आहे. गल्लीतल्या पोरांपेक्षा वेगळा झालेला गणवेश, घरी एक बोली आणि शाळेत दुसरी, गृहपाठाला वेगळी खोली नाही, अभ्यासात काय चाललंय हे शिक्षकांना विचारायला संकोचणारे पालक. शाळेने मुलाला वर नेलं आणि नेताना घरापासून थोडं तोडलं, हे इतक्या नीटपणे त्याआधी फार कमी जणांनी मांडलं होतं. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग मात्र पालकांच्या मुलाखतींतून आला. यशस्वी झालेल्या या 'कामगार' मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घराचे धागे मध्यमवर्गाशी जुळलेले निघाले. कोणाचे नातेवाईक वरच्या थरातले, कोणाचं घर एक पिढी आधी बऱ्या स्थितीतलं. लेखक त्याला 'बुडालेला मध्यमवर्ग' म्हणतात. आता बघा, नुसतं त्या मुलांना विचारलं असतं तर काय ऐकू आलं असतं? 'मी हुशार होतो, म्हणून पोचलो.' आठवणीला आजोबांचं दुकान दिसत नाही.

आता तक्रार. पुस्तकाचं नाव अख्ख्या कामगारवर्गाबद्दल बोलतं, पण पुस्तकाचा गाभा आहे टिकलेल्यांच्या आठवणींचा. परीक्षेत ज्यांना बाजूला काढलं ती बहुसंख्य मुलं तिथे जवळपास सावलीसारखी येतात. शिवाय विचारणारेही त्याच वाटेने गेलेले. त्यामुळे शाळा आणि घर यांच्यातल्या फटीबद्दल कोणी काही बोललं की लेखकांना ते लगेच कळतं. फट जाणवलीच नाही असं म्हणणाऱ्याचं मात्र त्यांना नीट ऐकू येतं का, याची मला शंका आहे. काही पानं तर मला सर्वेक्षणाचे कपडे घातलेलं आत्मचरित्र वाटतात. हे मी दोष म्हणून सांगत नाहीये. फक्त तसं वाचा.

आणि ज्यांना बाजूला काढलं त्यांच्याकडे गेलात तर काय मिळेल? त्या पिढीची माणसं आजही म्हणतात, 'मी इलेव्हन-प्लस नापास झालो.' नवशिका संशोधक हे माहिती म्हणून टिपून घेतो. इथे थांबा. ग्रामर स्कूलमधल्या जागा जिल्ह्याजिल्ह्याला वेगळ्या होत्या. काही भागांत दहांतल्या एकदोघांपुरत्या, वेल्सच्या काही भागांत त्याच्या कितीतरी पट. म्हणजे तेच गुण घेऊन एका गावात मूल 'पास' आणि दुसऱ्यात 'नापास'. मुलींचं तर आणखी वाईट. त्या वयात मुली परीक्षेत पुढे असायच्या, म्हणून मुलगे-मुलींचा आकडा सारखा राखायला अनेक ठिकाणी मुलींसाठी कटऑफ वर ठेवलेला असे. एखादी बाई आयुष्यभर स्वतःला 'ढ' म्हणत असेल, आणि पलीकडच्या घरातला पास झालेला मुलगा गुणांत तिच्या मागे असेल. तिची आठवण खोटी नाही. पण ती सांगते ते व्यवस्थेने तिला स्वतःबद्दल काय शिकवलं एवढंच. का वगळलं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, मग आठवणार कुठून? जागांचे आकडे, कटऑफ, स्थानिक शिक्षण समितीचे कागद हे तुम्हालाच शोधावं लागेल.

दुसरा मार्गही त्याच काळात लोकांनी वापरला होता : मोठ्यांना विचारायचंच नाही. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने 1959 च्या 'द लोअर अँड लँग्वेज ऑफ स्कूलचिल्ड्रन'साठी सुमारे 70 शाळांतल्या 5,000 मुलांकडून त्यांच्या तोंडची गाणी, कोडी, चिडवणं, शपथा गोळा केल्या. 'आमच्या वेळचे खेळ आता संपले' ही मोठ्यांची नेहमीची हळहळ त्या साहित्यापुढे टिकत नाही. तिकडे मार्च 1958 च्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास आजवर चालू आहे, त्यात 1969 मध्ये, म्हणजे अकराव्या वर्षी, मुलांना निबंध लिहायला सांगितला : तू 25 वर्षांचा आहेस असं समज आणि तुझं आयुष्य लिही. मला हा कागद कुठल्याही आठवणीपेक्षा जास्त हलवतो. कारण मागे वळून बघणाऱ्याला शेवट माहीत असतो, आणि त्या मुलांना तो माहीत नव्हता.

असे निबंध आपल्या हाती बहुधा नसतील, मुलाखतीच घ्याव्या लागतील. मग निदान प्रश्न बदला. 'शाळा कशी होती?' विचारलंत तर वेताची छडी आणि मधल्या सुट्टीतली ती छोटी दुधाची बाटली मिळेल. प्रत्येक जण तेच सांगतो, कारण एव्हाना ते सगळ्यांचं मिळून ठरलेलं आहे. त्यापेक्षा विचारा : निकालाचं पत्र घरात कोणी उघडलं? त्या दिवशी वडील काय बोलले? गल्लीतलं कोण कुठे गेलं? शेवटचा प्रश्न तर नक्की विचारा, कारण त्याचं उत्तर तुम्हाला पुढच्या मुलाखतीचा पत्ता देतं, आणि तो बहुतेक वेळा तुमच्या यादीत नसलेल्या माणसाचा असतो.