निकष दिला, मोजणी राहिली : ‘अनुराधा भसीन’ निकालाचे चिकित्सक वाचन



उद्योजकतेच्या तासाला आपण नवोन्मेषाबद्दल बोलतो, कायद्याच्या तासाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल. इंटरनेट बंद झाले की हे दोन्ही विषय एक होतात. म्हणून ‘अनुराधा भसीन विरुद्ध भारत संघ’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १० जानेवारी २०२०चा निकाल अभियंत्यानेही वाचायला हवा.

पार्श्वभूमी : ऑगस्ट २०१९च्या सुरुवातीला जम्मू-काश्मीरमध्ये फोन व इंटरनेट बंद झाले. त्याविरुद्ध ‘काश्मीर टाइम्स’च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन न्यायालयात गेल्या.

निकालाचे बळ : इंटरनेटवरून बोलणे आणि इंटरनेटवरून व्यवसाय करणे, दोन्हींना घटनेच्या कलम १९चे संरक्षण आहे, असे न्यायालयाने म्हटले. बंदीचे आदेश प्रसिद्ध करा, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी प्रमाणात असावी, असेही बजावले. यातले व्यवसायाचे कलम महत्त्वाचे आहे. मी कुंभकोणमला शिकवतो. इथला साडीविक्रेता किंवा जवळच्या नाच्चियारकोविलचा समई घडवणारा कारागीर गिऱ्हाइकाला फोनवर फोटो पाठवतो आणि पैसेही फोनवरच घेतो. त्याच्यासाठी इंटरनेट ही दुकानाची पायरीच आहे.

निकालाची उणीव : एवढे सांगूनही न्यायालयाने बंदी उठवली नाही. आदेशांचा फेरविचार करण्याचे काम प्रशासनाकडेच दिले. फोर-जी सेवा परतली ती फेब्रुवारी २०२१मध्ये. ‘प्रमाणात’ म्हणजे हेतू साधणारा सर्वांत सौम्य उपाय. एका खोलीच्या वायरिंगमध्ये दोष असेल तर आपण त्या खोलीचा एमसीबी पाडतो, गल्लीचा पुरवठा तोडत नाही. निकालाने हा नियम सांगितला, पण समोरच्या प्रकरणाला तो लावून पाहिला नाही. मोजपट्टी हातात दिली, मोजले मात्र नाही. शिवाय फेरविचार समितीत बसतात सचिवच. आदेश काढणारा आणि तपासणारा एकाच घरातले.

प्रमाणाचा प्रश्न आमच्या तमिळनाडूलाही नवा नाही. २२ मे २०१८ रोजी तूत्तुक्कुडीत स्टरलाइट कारखान्याविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला, माणसे मेली. दुसऱ्या दिवशी इंटरनेट बंद झाले ते केवळ तूत्तुक्कुडीत नव्हे. शेजारच्या तिरुनेलवेली आणि कन्याकुमारी जिल्ह्यांतही. तीन जिल्हे का, एक का नाही, हा प्रश्न मोजपट्टीचाच आहे.

आता आफ्रिकेकडे पाहू, कारण तिथे या निकालाची उलटी बाजू दिसते. जानेवारी २०१९मध्ये झिंबाब्वे सरकारने इंधन दरवाढीविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळी इंटरनेट बंद केले. हरारेच्या उच्च न्यायालयाने २१ जानेवारीला एवढेच म्हटले की आदेश देणाऱ्या मंत्र्याला तसा अधिकारच नव्हता. थोर तत्त्व काही मांडले नाही, पण सेवा सुरू झाली. आपल्याकडे तत्त्व मोठे मिळाले आणि दिलासा तोकडा. एका टोकाला तत्त्वाविना दिलासा, दुसऱ्या टोकाला दिलाशाविना तत्त्व. नागरिकाला दोन्ही हवे असते.

उशिराची किंमत कॅमेरूनने दाखवली. २०१७मध्ये तिथल्या इंग्रजीभाषक दोन प्रांतांत ९३ दिवस इंटरनेट बंद होते. बुएया हे तिथले विद्यापीठाचे गाव. नवउद्योगांमुळे त्याला ‘सिलिकॉन माउंटन’ म्हणतात. तिथली तरुण मंडळी सेवा चालू असलेल्या शेजारच्या प्रांताच्या हद्दीवर, बोनाको गावी, लॅपटॉप घेऊन बसू लागली. हुशारी तीच, यंत्रेही तीच. तुटली होती फक्त जोडणी. ग्राहक मात्र तत्त्वाच्या निकालासाठी थांबत नाही. वेळेवर काम न देणाऱ्याला तो पुन्हा काम देत नाही.

म्हणून नवोन्मेषाला वेगाइतकीच खात्री लागते. ती खात्री देण्याची संधी या निकालाला होती. त्याने ती अर्धीच वापरली.

स्वाध्याय : इंटरनेटबंदीचा कोणताही प्रसिद्ध झालेला आदेश घ्या आणि चार प्रश्न विचारा. कारण नेमके लिहिले आहे का? क्षेत्र किती, आणि तेवढेच का? मुदत किती? यापेक्षा सौम्य उपाय का चालला नसता? चौथ्याचे उत्तर आदेशात सापडले नाही, तर मोजणी झालेलीच नाही असे समजा.